न वाचलेले २१३

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी
साठ टनी काट्यावर माझी रात्रपाळी.
गुळाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची,
रिकामी परतली की पुन्हा.
दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल,
बाकी सगळं लोखंड.

दोन गाड्यांच्या मधे वेळ असतो.
तेव्हा मी फीड रीडर उघडतो.
डावीकडे साइटींची नावं, नावापुढे आकडा :
कुणी किती नवं टाकलंय.
काही नसेल तर आकडाही नसतो,
उगाच शून्य लावून कुणाची लाज काढत नाही.
मी बोलावलं तेच येतं,
आलं तसं रांगेत उभं राहतं,
मागच्याचा हॉर्न मोठा म्हणून तो पुढे घुसत नाही.
फोनवर मात्र एकदा चप्पल बघितली
तर आठवडाभर चपलाच.

हा रीडर मला यासीन शिकलगारनं लावून दिला.
लक्ष्मीपुरीत पाट्या रंगवायचा.
फ्लेक्स आला, ब्रश वाळले,
तसा तो दुसऱ्यांनी रंगवलेल्या पाट्यांचे
फोटो काढत सुटला. गुजरी, पापाची तिकटी, पार गडहिंग्लजपर्यंत.
गंजक्या पत्र्यावरचं ‘सायकल भाड्याने मिळेल’.
एका पिठाच्या गिरणीवरचा ‘ळ’,
ज्याच्या पोटात रंगाऱ्यानं
मालकाच्या नकळत सही केली होती.
स्वतःच साइट बनवली, मला म्हणाला,
“रोज जाऊन बघू नगंस. नवीन टाकलं की
तुझ्या दारात पडंल, दुधाच्या पिशवीगत.”
पडायचं. पहाटे चारच्या सुमाराला
एक फोटो, खाली दोन ओळी.
मी वहीत नोंद करायचो. सवय.

मग त्याची फुप्फुसं.
मग पाच वर्षं त्याच्या नावापुढे काही नाही.

बाकीचेही एकेक गप्प झाले :
उसाच्या जातींवर लिहिणारे चंदगडचे मास्तर,
पंचगंगेची पातळी टाकणारा पोरगा
(त्याला नोकरी लागली असेल),
आणि ताऱ्यांबद्दल लिहायचा तो एकजण,
आता त्याच्या पत्त्यावर कर्जवाले बसलेत.
कर्जवाल्यांना काढून टाकलं.
यासीनला कसं काढणार?
रिकाम्या गाडीचंही वजन लिहावं लागतं.

काल रात्री पावणेतीनला
कागलच्या ट्रकाची पावती फाडून वळलो
तर त्याचं नाव ठळक.
पुढे २१३.

काट्यावर कुणी नव्हतं. तरी मी
वजनाचा आकडा बघितला. शून्य होता.

कारण साधं होतं, सकाळी कळलं.
त्याच्या नाझनीननं सगळं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं,
प्रत्येक पानाचा पत्ता बदलला,
आणि यंत्राला वाटलं
हे सगळं माणसानं आजच लिहिलंय.
पण हे सकाळचं शहाणपण.
रात्री मी खुर्ची ओढून घेतली
आणि जुन्यापासून सुरुवात केली :
सायकल. ‘ळ’. बंद पडलेल्या सोडा फॅक्टरीचा
पिवळा, अजून न उडालेला.
वर ‘सगळे वाचले म्हणून नोंदवा’ असं बटण आहे.
तिकडे बाण नेलाच नाही.

उजाडताना वही काढली.
पानं उलटून दोनदा मोजलं.
माझ्याकडे २१२.

एक जास्त आहे. लिहून ठेवलेलं,
त्यानं कधी न सोडलेलं,
हलवाहलवीत चुकून सुटून आलेलं.
यादीत अगदी खाली त्याचं शीर्षक दिसतं :
‘आपला काटा’.
आमच्या फाटकावरची पाटी त्यानंच रंगवली होती,
आता तिच्यावर फ्लेक्स आहे.

आज रात्री एकशे एकाहत्तर उरलेत.
ते सगळ्यात शेवटी उभं आहे.
बाहेर एक गाडी आलीय, ड्रायव्हर दिवे मारतोय.
त्याला हातानं थांब म्हटलं.
यासीनलाही मधे घुसवणार नाही.
रांग म्हणजे रांग.